शिट्टीवाल्याकडेही कोणीतरी बघा

रविवारी सकाळी तुमची लेक रग्बी खेळायला जाते. तिचे बूट, दातांचं गार्ड, डबा, सगळं तुम्ही बघता. मैदानात गेल्यावर मात्र तिची मान सांभाळतो तो शिट्टीवाला. तो बहुधा कॉलेजातला पोरगाच असतो, कालपरवापर्यंत स्वतः खेळणारा.

क्लबातलं कोणी तुम्हाला म्हणालं, “काका, आज जरा रेफरीकडे लक्ष ठेवा, नंतर त्याला दोन शब्द सांगा,” तर नाही म्हणू नका. फक्त ते काम नीट करा.

आधी आरडाओरड थांबवा, स्वतःचीही. 2023 च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात टॉम फॉली पडद्यावर बघून निर्णयाला मदत करत होते. नंतर त्यांना इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या की ते आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाजूला झाले. तिथे ही गत, तर आपल्या पोराने कशाला परत यावं? आणि तो आला नाही, तर तुमच्या लेकीचा सामना कोण घेणार?

मग वही घ्या. चुका मोजत बसू नका. वेळ लिहा, काय झालं ते लिहा आणि रेफरी कुठे उभा होता तेही लिहा.

“रक नीट बघत नाहीस” असं सांगून त्याच्या हाती काहीच लागत नाही. रक म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर दोन्हीकडची पोरं उभ्याने एकमेकांना रेटतात तो गुंता. निम्मी भांडणं तिथलीच. त्यापेक्षा असं लिहा: “बारावं मिनिट. टॅकल करणारी बाजूला होत नव्हती. तू पाठीमागे होतास, तिथून फक्त पाठी दिसतात.” पुढच्या वेळी तो आपणहून दोन पावलं बाजूला सरकेल.

सगळ्यात आधी जिवाचं बघा. स्क्रमच्या वेळी, म्हणजे दोन्हीकडच्या फळ्या वाकून एकमेकींना भिडतात तेव्हा, “क्राउच, बाइंड, सेट” म्हणताना मधे दम घेतो का? घाईत म्हटलं की पुढची फळी कोसळते आणि मानेवर येतं. गळ्याशी झालेला टॅकल सोडून देतो का? डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलीला बाहेर काढतो का? त्या दिवशी तिला परत खेळायला पाठवायचं नाही. इथे चुकला तर स्पष्ट सांगा. बाकीचं थोडं इकडेतिकडे चालतं.

निर्णय तर मोठ्या रेफरींचेही चुकतात. 2015 च्या विश्वचषकात स्कॉटलंड–ऑस्ट्रेलिया सामना संपत आला होता. रेफरी क्रेग जूबेर यांनी स्कॉटलंडचा ऑफसाइड धरून ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली आणि ऑस्ट्रेलिया 35–34 ने जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने जाहीर केलं, पेनल्टी नव्हे, स्क्रम द्यायला हवा होता. चेंडू मधे एका ऑस्ट्रेलियन खेळाडूला लागला होता, म्हणून ऑफसाइड होतच नव्हता. हे कळलं कसं? चित्रफीत वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हापुन्हा बघून. जूबेर यांना तर नियमाप्रमाणे त्या निर्णयासाठी पडद्याची मदत घेताच येत नव्हती. म्हणून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पोराच्या तोंडापुढे नाचवू नका. त्याच्या जागेवरून त्याला काय दिसलं, ते आधी विचारा.

सामना संपल्यासंपल्या काहीच बोलू नका. पाणी द्या, बसू द्या. मग म्हणा, “तुला कसं वाटलं?” अर्ध्या चुका तो स्वतःच सांगतो. मग एक जमलेली गोष्ट सांगा आणि सुधारायची एकच. एकच. आमच्याकडे एका हौशी गृहस्थाने चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यानंतर रेफरीला दोन पानी यादी वाचून दाखवली होती. पोरगा सगळ्याला “हो सर” म्हणाला, शिट्टी गुंडाळून खिशात टाकली आणि पुन्हा फिरकला नाही. यादीतलं बरंचसं बरोबर होतं, हे त्यातलं दुःख.

शिट्टी वाजवली नाही त्याचंही कौतुक करा. समोरच्याची चूक झाली, पण तुमच्या पोरी चेंडू घेऊन सुटल्या होत्या, म्हणून त्याने हात लांब करून खेळ चालू ठेवला. ही समज यायला वर्षं लागतात, आणि प्रेक्षक नेमके तेव्हाच ओरडतात.

वर्ल्ड रग्बीची नियमांची परीक्षा घरबसल्या फुकट देता येते. तीही एकदा देऊन बघा. माझ्या बऱ्याच तक्रारी तिथेच गळाल्या.

पुढच्या रविवारी त्याच्याच सामन्याला जा. वहीचं मागचं पान उघडा आणि रकपाशी तो कुठे उभा राहतो, तेवढंच बघा.