जुनी बॅग जुनी म्हणूनच विका

वापरलेल्या चामडी हँडबॅगा विकत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकण्याचा धंदा काही होतकरू तरुण करीत आहेत. आमचा व्यापार कापडाचा. अस्तराच्या निमित्ताने या मंडळींशी आमचा संबंध येतो. भांडवल थोडे, हुनर जास्त, असा हा चांगला धंदा आहे. मात्र रंगरंगोटी केलेला माल नवा म्हणून खपवण्याची खोड त्यात शिरता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली पारख खरेदीच्या वेळीच करावी. अस्सल कातड्याला दुसरे आयुष्य देता येते. रेक्झिनचे पापुद्रे सुटू लागले की इलाज नाही. वर दिलेला रंगही पापुद्र्याबरोबर निघून येतो. कातड्याचा मळ सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने काढावा आणि बॅग सावलीत वाळवावी. कडक उन्हात कातडे ताठ होऊन तडकते. शिवण जुन्याच छिद्रांतून घालावी, नव्या छिद्रांनी कातडे कमजोर होते. चेन बिघडली तर पुष्कळदा नुसता रनर बदलून भागते. रंगाचे हात पातळ द्यावेत.

रंगाची परीक्षा आम्हा कापडवाल्यांकडून शिकावी. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा आधी कोरडा, मग ओला करून बॅगेवर घासावा. तुकड्याला रंग लागला तर ती बॅग दुकानात ठेवू नये. गिऱ्हाइकाच्या साडीला डाग पडला की दुकानाचे नावही डागाळते.

कापड बाजारात फ्रेश, सेकंड आणि कटपीस यांचे भाव निरनिराळे असतात. सेकंड माल सेकंड सांगून दिला तर गिऱ्हाईक तो खुशीने नेते. बॅगेलाही हाच न्याय लावावा. बिलावर स्वच्छ लिहावे : बॅग वापरलेली, अस्तर नवे, पट्टा बदललेला, कोपऱ्याचा तडा भरून रंग दिलेला.

कोणी म्हणेल, इतके ऐब सांगितल्यावर भाव कोण देणार? भाव थोडा उतरेल, हे खरे. पण मेहनतीचे दाम मागण्याचा हक्क उजळ माथ्याने मिळेल आणि माल परत येणार नाही. शिवाय जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून भासवणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. साध्या बॅगेवर नामांकित कंपनीचा बिल्ला ठोकणे ही तर सरळ फसवणूक.

कारागिराने आपली दुरुस्ती लपवावी कशासाठी? फाटलेली वस्तू पुन्हा चालती करणे ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट आहे. या धंद्यातील तरुणांनी आजपासूनच प्रत्येक बॅगेसोबत केलेल्या कामाची चिठ्ठी द्यावी, अशी आमची त्यांना कळकळीची सूचना आहे.