आधी डबा उघडा!

कांदिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं, हे तुम्ही ऐकलंच असेल. असा विषय निघाला की आपण पंखांबद्दल बोलतो, इंजिनाबद्दल बोलतो. वायरिंगबद्दल कोणीच नाही. ते काय, वायरमनचं काम!

माझ्या मते घरी बांधलेल्या विमानात सगळ्यात जास्त शिकवणारं काम तेच आहे. घराच्या भिंतीतली वायर जागची हलत नाही. विमानातली इंजिन सुरू झाल्यापासून थरथरत असते. एकाच जाड तारेची वायर तिथे हळूहळू तुटते, म्हणून बारीक तारा पिळून केलेली वापरतात. लॅबमध्ये सोल्डर मारलं की आपण जोड पक्का समजतो. पण सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि वायरीला नीट आधार नसेल, तर जिथे ते संपतं नेमकी तिथेच ती मोडते. म्हणून बहुतेक जोड टर्मिनल लावून क्रिम्पिंग टूलने दाबतात. साध्या पकडीने नाही हं!

आणि फ्यूज कशासाठी? ‘उपकरण वाचवायला’ म्हणाल. मुळात तो वायर वाचवायला असतो. २२ गेजच्या वायरीला साधारण ५ अँपियरचा फ्यूज लावतात. सारखा उडतो म्हणून मोठा बसवलात, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत आणि वायर जळतेय. तीही हवेत.

अल्टरनेटर बंद पडला तर? मॅग्नेटोवर चालणारं जुन्या पद्धतीचं इंजिन बॅटरीशिवायही चालू राहतं. इग्निशन बॅटरीवर अवलंबून असेल, तर बॅटरी संपली की इंजिन गप्प. म्हणून आधी काय बंद करायचं, उरलेल्या बॅटरीवर किती मिनिटं मिळतील, हा हिशोब जमिनीवरच करून ठेवतात. गणित बारावीच्या फिजिक्सचंच आहे.

आता आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट बघा. बाहेरून चकाचक डबा, आत एकाच रंगाच्या वायरींचा गुंता, पिळून टेप मारलेले जोड. डेमोला एलईडी लागला की मार्क पडले. (विकत आणलेल्या प्रोजेक्टचं तर बोलायलाच नको.) महिन्याने बंद पडलं, तर कुठली वायर कुठे गेलीय हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि याला आपण कौतुकाने जुगाड म्हणतो.

व्हायवाला परीक्षकांनी डेमोच्या आधी डबा उघडायला लावावा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर आहे का? तोच नंबर डायग्रामवर आहे का? यालाही मार्क द्यावेत. सर विचारणार नसतील, तर सबमिशनच्या आदल्या दिवशी ग्रुपमध्ये एकमेकांच्या वायरी ओढून बघा. जरा जोरातच ओढा.