ओळख करून देताना

गेल्या पावसाळ्यातील ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी तेरा वर्षांच्या मुलीला खोकल्यासाठी दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. शेजारी बसलेल्या बाईंनी "नात का?" असे विचारताच त्या म्हणाल्या, "नाही हो, सुनेने सांभाळायला आणली आहे. सरकारकडून." बोलण्यात दुष्टावा मुळीच नव्हता, पण मुलीने खाली घातलेली मान पुन्हा वर केली नाही. पुढची चूक माझी. आजींच्या देखतच मी सवयीने विचारले, "आईवडिलांपैकी कोणाला दमा आहे का?" ती म्हणाली, "माहीत नाही." त्यानंतर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

जन्मदात्यांना सांभाळ करणे शक्य नसते, तेव्हा बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल कल्याण समिती मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवू शकते. हे प्रतिपालकत्व, दत्तक नव्हे. मूल आपल्या घरी परत जाऊ शकते, म्हणून त्याच्या आईवडिलांविषयी घरात वावगा शब्द निघू नये. आपल्यापैकी कित्येक जण पोरक्या नातवंडांना स्वतःच वाढवीत आहेत. त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिचे मासिक अनुदान ११०० वरून २२५० रुपये झाले. ही रक्कम अवश्य घ्यावी, परंतु "तुझे पैसे अजून आले नाहीत" हे वाक्य त्या मुलाच्या कानी कधीही पडू देऊ नये. आपल्या जेवणाचा हिशोब होतो आहे, एवढेच त्याला त्यातून ऐकू येते.

अशा मुलांच्या काही सवयी ज्येष्ठांना खटकतात. उशीखाली पोळी सापडते आणि घरात चोरीचा शब्द उच्चारला जातो. ज्याने कधीकाळी उपास काढले आहेत, ते मूल उद्याची तरतूद करीत असते. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवा आणि "कधीही घे, विचारू नकोस" असे सांगा. डबा रिकामा झाला तर निमूटपणे भरावा. काही महिन्यांत उशीखालचा साठा बहुधा आपोआप थांबतो.

अंथरूण ओले होत असेल तर गादी चारचौघांत दिसेल अशी गॅलरीत वाळत घालू नका. आधी कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर रागावण्याऐवजी लघवी व रक्तातील साखर तपासून घ्यावी. बद्धकोष्ठता आहे का तेही पाहावे. तपासणीत काहीच निघाले नाही तर मनावरचा ताण हे कारण असू शकते.

आणखी एक गोष्ट मला वारंवार दिसते. "आई" हा शब्द या मुलांना जड जातो, कारण ती जागा मनात भरलेली असते. "आजी" मात्र चटकन तोंडी येते. म्हणून आजीने केलेली ओळख फार मोलाची. "ही आमच्या घरची" एवढे पुरे; पुढच्या चौकशीला उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही.

त्या मुलीच्या केसपेपरवर मी "कौटुंबिक आजारांची माहिती उपलब्ध नाही" असे लिहून ठेवले, म्हणजे तो प्रश्न तिला पुन्हा कोणी विचारणार नाही. वयात आलेल्या मुलांशी आता मी थोडा वेळ स्वतंत्रपणे बोलतो. मुलगी असेल तर आमच्या सिस्टर सोबत थांबतात. पुढच्या खेपेस आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या. खोकला बरा झाला होता. जाता जाता मुलीने विचारले, "डॉक्टर, माझ्या आईला दमा होता का, हे कोणाला विचारायचे?"

जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारता येईल, असे मी सांगितले. त्यासाठीचे पत्र तिच्यासमोरच लिहिले आणि पाकीट तिच्याच हाती दिले.