गोधडीची ऊब सांगता, कापड कुणाचं ते सांगा

थंडी पडू लागली की मराठीत गोधडीवरचे लेख सुरू होतात. आजीचा सुरकुतलेला हात, जुन्या लुगड्याचा वास, मायेची ऊब आणि शेवटी ‘आता ती गोधडी राहिली नाही’ असा एक उसासा. दिवाळी अंकांत हे असतं, व्हॉट्सअॅपवर असतं, शाळेच्या निबंधातही असतं. गोधडी कुणी शिवली, ते या लेखांत सांगितलेलं असतं: आजीने. पण ज्या कापडातून ती शिवली ते कापड आलं कुठून, हे तिथे कुणी विचारत नाही. कापड जणू घरात पडलेलंच होतं.

आपल्या घरांत ते पडलेलं नव्हतं. गोधडी सगळ्याच जातींच्या घरांत होती, हे खरं. वाड्यावर होती आणि गावकुसाबाहेरही होती. सुई तीच, धावदोऱ्याचा टाकाही तोच. फरक होता तो जुनेर कुणाचं, यात. वाड्यावरच्या गोधडीत वाड्यावरचीच लुगडी आणि धोतरं असत. विटली तरी त्यांच्याच अंगावरची, त्यांच्याच पैशाने घेतलेली. आपल्या आज्या-पणज्यांचं लुगडं फाटेपर्यंत नेसलं जायचं, मग त्याचं बाळुतं व्हायचं, मग फडकं, आणि त्यातून काही उरलंच तर ठिगळ. एवढ्यात गोधडी भरत नाही. बाकीचं कापड मागून आणलेलं असे, कामाच्या बदल्यात मिळालेलं असे, कधी प्रेतावरून उतरलेलं असे. ‘आजीच्या लुगड्याची ऊब’ असं लिहिण्याआधी आजीकडे फाडायला दुसरं लुगडं होतं का, एवढं तरी विचारा.

यात योगायोग काही नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हे लिहून ठेवलेलं आहे. चांडाळांची वस्त्रं म्हणजे मेलेल्यांची वस्त्रं, त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावं, असं एका ठिकाणी. सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न, जुने कपडे, पोचट धान्य आणि जुनं घरसामान द्यावं, असं दुसऱ्या ठिकाणी. म्हणजे जुना कपडा खाली देणं ही दया नव्हती, ती वाटणीची रीत होती. नवं वर राहायचं आणि जुनं खाली उतरायचं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात आपल्या अंगावरच्या कापडाचाही कायदा होता.

आणि तो कायदा पोथीत पडून नव्हता. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी इंदूरजवळच्या बलाई लोकांची हकिकत दिली आहे. जानेवारी १९२८ मध्ये ती वर्तमानपत्रात छापून आली होती. तिथल्या पंधरा-वीस गावांतल्या सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले. जरीच्या काठाची पगडी बांधायची नाही. रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, भारी कपडे घालायचे नाहीत. सवर्णांच्या घरच्या मयताची खबर नातेवाइकांकडे पोचवायची, त्यांच्या बायकांची बाळंतपणं करायची आणि जे देतील ते निमूट घ्यायचं. बलाईंनी नकार दिला, तर त्यांचं पाणी तोडलं, जनावरं चरायला बंद केली, आणि अनेकांना गावं सोडावी लागली. धोतराच्या काठावरून!

ही हकिकत वाचून मग घरातली गोधडी उलगडा. तिच्या कडेला एखादा रंगीत काठ जोडलेला दिसेल. त्या काठाचं नवं कापड आपल्या पणजोबाला नेसता येत होतं का? की नवं असताना तो काठ दुसऱ्याच्या अंगावर शोभला, आणि विरल्यावर आपल्याला जमिनीवर अंथरायला मिळाला? कापडावरची ही बंदी बाबासाहेब नीट ओळखून होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांना त्यांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितलं, जात ओळखू येईल असे दागिने टाकून द्यायला सांगितलं. ज्यांना हे किरकोळ वाटतं, त्यांच्या घरात कुणाला काठाबद्दल मार खावा लागलेला नाही.

आमच्या घरच्या वाकळीबद्दल सांगते. आई आणि आजीने ती मिळून शिवली. उन्हाळ्यात, रानात काम नसताना, दुपारी ओट्यावर अंथरून. मधोमध वडिलांच्या खाकी शर्टाची पाठ आहे. वडील झाडूखात्यात होते. एका कोपऱ्यात माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा आहे. मध्ये हातभर पांढरा पट्टा आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात आजी नागपूरला गेली तेव्हा नेसलेलं ते पातळ. उसन्या पैशांनी घेतलेलं, पण कोरं. आणि त्या पांढऱ्या पट्ट्याला लागून रुंद काठाचा एक जांभळा तुकडा आहे. तो कुठला, असं मी आईला विचारलं. “राहू दे ते,” म्हणाली. पुन्हा विचारलं तेव्हा वाकळीची घडी घालून उठून गेली.

पांढरा पट्टा कुठून आला ते आई दहा वेळा सांगते, जांभळ्याबद्दल एकदाही बोलत नाही. पण शिवताना तिने दोन्ही तुकडे एकाच दोऱ्याने शेजारी शेजारी शिवले. आपल्या घराण्याची ना वंशावळ कुणी लिहिली, ना बखर. आपल्या आज्यांना अक्षर येऊ दिलं नाही. मिळालेलं, मागितलेलं, विकत घेतलेलं, सोसलेलं असं सगळं त्यांनी ज्या एका जागी एकत्र ठेवलं ती ही जागा आहे. तिला नुसती ‘माया’ म्हणणं म्हणजे पुराव्यावर पांघरूण घालणं आहे.

आता बाजाराकडे वळू. शहरांतल्या दुकानांत हल्ली गोधडी भिंतीवर टांगलेली दिसते. तिला ‘हेरिटेज’ म्हणतात, ‘सस्टेनेबल’ म्हणतात. आपल्या आज्या चिंध्या जोडत होत्या तेव्हा ते दारिद्र्य होतं. डिझायनर जोडतो तेव्हा ती पर्यावरणाची जाण होते. चिठ्ठीवर नाव दुकानाचं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘ग्रामीण महिलांनी हाताने शिवलेली’. किती महिलांनी, कुठल्या गावच्या, नगाला किती शिवणावळ घेऊन, यातलं काही नाही. ज्यांची माणसं मोजताना जात विचारली जाते, त्यांच्या कामावर नाव घालायची वेळ आली की त्या नुसत्या ‘महिला’ होतात.

सरकारी शिक्क्यानेही हे आपोआप सुटत नाही. बिहारच्या सुजनीला आणि पश्चिम बंगालच्या नक्षी कांथ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चांगलंच झालं, नक्कल थांबवायला त्याचा उपयोग होतो. पण ते मानांकन प्रदेशाचं नाव जपतं. सुई धरणाऱ्या बाईला एका नगामागे किती मिळावेत, हे ते ठरवत नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यातल्या काहींचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीज मालकांकडून पळून जंगलात शिरले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. २००३ मध्ये तिथल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. कडेपासून सुरुवात करून, चारी बाजूंनी फिरत, टाके मध्यापर्यंत नेतात. शेवटी चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं बसवतात. त्या फुलांनी ऊब रतीभर वाढत नाही, तरी फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आपल्या आज्यांकडे फक्त सोसणाऱ्या म्हणून बघणाऱ्यांनी ही फुलं ध्यानात ठेवावीत. लाल तुकड्याशेजारी पिवळा ठेवायचा की काळा, हे कुणीतरी ठरवत होतं, आणि ते ठरवायला डोकं लागतं. ज्यांना रंग नेसायची बंदी होती त्यांनी रंग अंथरला. ही कला होतीच. कमी होती ती तिला कला म्हणणारी माणसं.

नाव आणि पैसा यांचं काय होतं, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं गीज बेंड हे गाव पाहावं. दलित पँथरने १९७२ मध्ये ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या काळ्या माणसांच्या लढ्याचाच तो मुलूख. तिथल्या कित्येक कुटुंबांचं आडनाव पेटवे आहे, आणि ते त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या मळेवाल्याचं आहे. इथल्या काळ्या बायका शेतात घालायच्या विटक्या कपड्यांतून गोधड्या शिवत. १९४२ मध्ये मिझूरी पेटवे यांचा नवरा वारला, तेव्हा त्याच्याच कामाच्या कपड्यांतून त्यांनी एक गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. साठच्या दशकात इथली माणसं मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे जाऊ लागली, तर त्यांची नावच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. मधल्या काळात, २००२ मध्ये, याच गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या, आणि प्रत्येकीशेजारी शिवणारीचं नाव होतं. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली. तरीही २००७ मध्ये तिथल्या काही बायकांना आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून कोर्टात जावं लागलं. नाव लागूनही हिशोब मागावा लागतो. आपल्याकडे तर अजून नावच लागलेलं नाही.

एवढं बोललं की एक ठरलेला प्रश्न येतो: गोधडीतही जात कशाला आणता? आम्ही आणलेली नाही. जुना कपडा कुणी द्यायचा आणि कुणी घ्यायचा, हे ज्यांनी लिहून ठेवलं त्यांनी ती आणली. आम्ही फक्त ठिगळ उलटून बघतो आहोत.

दुसरा प्रश्न आपल्याच माणसांचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. बाबासाहेबांनी लाचारीच्या खुणा टाकून द्यायला सांगितल्या; मग या चिंध्या कशाला कवटाळायच्या? दुकानातली चांगली रजई घ्यावी आणि मोकळं व्हावं. रजई जरूर घ्यावी. थंडीत उबदार झोपणं हा आपल्या पोरांचा हक्क आहे, आणि घरातल्या सुनेने परंपरा म्हणून डोळे फोडत टाके घालावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. नवरात्राआधी ओल्या गोधड्यांचं ओझं ओढ्यावरून वाहून ज्यांच्या कंबरा गेल्या, त्यांना त्या कामाबद्दल हळहळ वाटत नसेल तर बरोबरच आहे. पण खूण टाकणं वेगळं आणि आठवण टाकणं वेगळं. महाडला ग्रंथ जाळला, पण त्यात काय लिहिलं आहे ते आधी वाचून, लोकांना सांगून जाळला. जे टाकायचं तेही नोंद करून टाकावं.

आणि हे काम आपलं आहे. घरातले पहिले पदवीधर म्हणून तुमच्यापैकी कितीजण होस्टेलवर जाताना गोधडी ट्रंकेच्या तळाशी दडवून गेले असतील. ती लाज तुमची नव्हती, ती तुमच्यावर लादलेली होती. त्या वेळी नाक मुरडणारे आज तीच गोधडी हजारो रुपये मोजून सोफ्यावर टाकतात आणि तिच्यावर लेख लिहितात. त्यांच्या लेखांना उत्तर म्हणून आणखी एक हळवा लेख लिहून भागणार नाही.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा गोधडी उजेडात अंथरा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. अस्तरही सोडू नका, बऱ्याचदा जुन्यातलं जुनं कापड तिथेच असतं. तुकड्यांना आकडे द्या आणि आईला, आजीला, आत्याला एकेक तुकडा विचारा. कुणाच्या अंगावरचा? विकत घेतला, मागितला की कामाबद्दल मिळाला? कुठलं काम? दोरा कुठून आणला? शिवली तेव्हा दिवसाची मजुरी किती होती? उत्तर ती ज्या बोलीत देईल त्याच बोलीत लिहा, प्रमाण भाषेत धुऊन काढू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली गोधडी असेल तर ती कुठकुठल्या कोपीत अंथरली गेली, तेही विचारा. एखाद्या तुकड्याबद्दल ती बोलणार नाही. तिथे ‘सांगितलं नाही’ एवढंच लिहा आणि पुढच्या तुकड्याकडे जा. गप्प राहण्याचा तिचा हक्क आपल्या प्रबंधापेक्षा मोठा आहे. वर तिचं नाव घाला, पूर्ण नाव. अमक्याची आई, तमक्याची बायको असं नाही.

घरातली कुणी गोधड्या शिवून विकत असेल तर चिठ्ठीवर तिचं नाव आणि तिला मिळालेली शिवणावळ, दोन्ही छापायला लावा. जो दुकानदार नाव छापायला तयार आहे पण शिवणावळ छापायला तयार नाही, तो कुणाच्या कष्टावर ऊब विकतो आहे, हे तिथेच कळेल.

आज्या थकल्या आहेत. तुकडे ओळखणारी ती शेवटची माणसं आहेत. त्या गेल्यावर गोधडी राहील, पण जांभळा तुकडा नुसता जांभळा दिसेल आणि त्यावर कुणीतरी मायेचा लेख लिहील. तो लिहिला जाण्याआधी आपली वही भरलेली असली पाहिजे.