वेड्याचं चरित्र

चरित्र कोणाचं आहे ते नंतर बघा. लिहिलंय कोणी, ते आधी बघा.

रॉबर्ट्स वॉक्स या फिलाडेल्फियाच्या क्वेकर गृहस्थानं १८१५ साली बेंजामिन लेचं चरित्र छापलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या या पुस्तकाची झेरॉक्स हाती आली आणि एका बैठकीत संपवली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांच्या कितीतरी आधीचा हा गडी. म्हणून तो आपल्याला परका नाही.

ले जेमतेम चार फुटांचा, पाठीवर कुबड. १६८२ साली इंग्लंडात एसेक्समध्ये जन्मला. मेंढ्या राखल्या, हातमोजे शिवले, खलाशी झाला. पंथानं क्वेकर. पाद्री नको, तलवार नको, राजापुढंही टोपी काढायची नाही, सगळी माणसं सारखी, असं म्हणणारा हा पंथ. म्हणायला काय जातं! फिलाडेल्फियाचे बडे क्वेकर सभेत देवासमोर शांत बसायचे आणि घरी गुलाम राबवायचे.

लेला हे सहन होईना. त्यानं गुलाममालकांना धर्मभ्रष्ट ठरवणारं पुस्तक लिहिलं. बेंजामिन फ्रँकलिननं ते छापलं, पण मुद्रक म्हणून स्वतःचं नाव काही घातलं नाही. हुशार माणूस! त्याच्याही घरी गुलाम होतेच.

मग १७३८ साली न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनची वार्षिक सभा. ले आला तो अंगावर मोठा कोट घालून. कोटाखाली सैनिकी पोशाख नि तलवार. हातात आतून पोखरलेलं पुस्तक, त्यात जनावराचं मूत्राशय, त्यात रानफळाचा लाल रस. माणसाला गुलाम करणाऱ्यांचं रक्त देव असंच सांडेल, असं गरजून त्यानं तलवार पुस्तकात खुपसली. लाल रस आसपासच्या सज्जनांवर उडाला. बायका किंचाळल्या म्हणतात. लेला उचलून बाहेर काढलं. पंथानं त्याच साली त्याची हकालपट्टी केली.

दुसरी गोष्ट मला त्याहून जबर वाटते. शेजाऱ्यांच्या घरी एक निग्रो मुलगी गुलाम होती. लेनं त्या शेजाऱ्यांचा लहान मुलगा दिवसभर आपल्या घरी ठेवून घेतला. संध्याकाळी आईबाप रडत, धावत आले. तो म्हणाला, पोरगं माझ्याकडं सुखरूप आहे. पण ज्यांची पोरगी तुम्ही ठेवलीय, त्यांचं काय झालं असेल ते आता कळलं का?

मित्रांनो, याला ते वेडा म्हणत होते.

१७५८ साली त्याच पंथानं गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांवर कारवाई करायचं ठरवलं. पुढच्या वर्षी ले मेला. आणि मेल्यावर छप्पन वर्षांनी हाकलणाऱ्यांच्याच पंथातल्या एका भल्या माणसानं त्याचं चरित्र लिहिलं. वॉक्सचं श्रेय नाकारत नाही. लेला पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यानं गोळा केल्या, नाहीतर सगळं मातीत गेलं असतं. पण लेचा ‘विक्षिप्तपणा’ आला की त्याची लेखणी चाचरते. गुहेत राहतो, गुलामांच्या घामाची साखर खात नाही, स्वतः विणलेलं कापड घालतो, हा विक्षिप्तपणा? आणि १८१५ साली दक्षिणेत दहा लाखांहून जास्त माणसं साखळीत होती, ते काय होतं?

लेचं स्वतःचं पुस्तकही शोधून वाचा. त्यात बार्बाडोस बेटावरचा एक प्रसंग आहे. तिथं १७१८च्या सुमारास ले आणि त्याची बायको सारा दुकान चालवत होते. साखरेची पिंपं बनवणारा एक गुलाम कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. मालक दर सोमवारी सकाळी गुलामांना फटके मारायचा, धाक राहावा म्हणून. एका रविवारी रात्री त्या कारागिरानं स्वतःचा जीव घेतला. सोमवार त्यानं येऊच दिला नाही.

मालकाचं नाव पॅरट. ते छापलेलं आहे. कारागिराचं नाव लेनंही लिहिलेलं नाही.

२०१८ साली अ‍ॅबिंग्टनच्या क्वेकरांनी दफनभूमीत बेंजामिन आणि सारा यांच्या नावाचा दगड बसवला. हकालपट्टीला तेव्हा २८० वर्षं झाली होती.