नदीतले नत्र मोजा, पण माप पुरते घाला!



पाणी नासले की बोट शेतकऱ्याकडे दाखवायचे, ही शहरी शहाण्यांची जुनी खोड. "युरिया ओतून यांनी नद्या नासवल्या" म्हटले की यांचे काम संपले. आमचे म्हणणे एवढेच : आधी मोजा. उगमापासून मोजा आणि आकडा गावाला सांगा.

जव्हार-मोखाड्याकडे पाहा. तिथला आदिवासी शेतकरी डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकवतो. पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात पाड्यावर टँकर. त्याच मोखाडा तालुक्यातले मध्य वैतरणा धरण २०१४ साली मुंबईसाठी सुरू झाले. मुंबईचे पाणी भांडुपला तपासून, शुद्ध होऊन नळाला जाते. मग पाड्यावरची बाई ज्या झऱ्यावर हंडा भरते, त्याची तपासणी तितक्याच काळजीने का होऊ नये? वर डोंगरात नदीत नत्र किती आणि खाली किती, हे कळल्यावाचून दोष कुणाचा ते ठरणार कसे?

आता आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखात या. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटची सर्वांत जास्त झळ बसलेले देशातले १५ जिल्हे दिले आहेत. त्यांत ७ महाराष्ट्राचे : वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, जळगाव, बीड, नांदेड. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यावरचे पाणी घालून वरचे दूध पाजले, तर तान्ह्या लेकराच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहता न येण्याचा धोका असतो. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाढते.

विहिरीत उतरलेले हे नत्र झिरपत नदीला मिळते. पण केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२२ साली प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, महाराष्ट्राचे ५५ पट्टे त्यात धरले, ती सेंद्रिय घाणीच्या मापावर. नायट्रेट कितीही असो, त्यावरून पट्टा यादीत येत नाही!

नत्र युरियातून येते, हे खरे. पण ते शहरांच्या सांडपाण्यातून, संडासाच्या खड्ड्यांतून आणि उकिरड्यांतूनही येते. आणि युरियाचा मारा शिकवला कुणी? २०१० साली सरकारने स्फुरद-पालाशाचे दर मोकळे केले, युरियाचा भाव मात्र बांधून ठेवला. बाकीची खते महाग झाली, युरिया स्वस्त राहिला. कोरडवाहू शेतकरी परवडेल तेच टाकणार! मुसळधार पावसात वाहून जाते तेही त्याच्याच खिशातले.

म्हणून आपल्या मागण्या :

१. प्रत्येक शहराच्या वर आणि खाली नदीचे नमुने वेगळे घ्या. पहिल्या पावसानंतर आणि भर उन्हाळ्यात.

२. नदीचा आणि विहिरीचा आकडा ग्रामसभेत वाचा.

३. खताचे अनुदान शेतकऱ्याच्या हाती रोख द्या. कोणते खत घ्यायचे ते तो ठरवील.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. मोजायला शेतकरी भीत नाही. भ्यावे ते मापात पाप करणाऱ्यांनी!