भरवण्याची पाळी कोणाची?

पाखरांच्या संसाराबद्दल आपल्याकडे दोन मतं ठाण मांडून बसली आहेत. जुनं मत असं की पिल्लांना भरवणं हे आईचंच काम, नर नुसता गातो. निसर्गाचीच तशी योजना. नवं मत असं की पाखरं बघा, कशी निम्मं-निम्मं काम वाटून घेतात! दोन्ही मतांचा डोळा खरं तर आपल्याच स्वयंपाकघरावर असतो, आणि दोन्ही टिकत नाहीत.

पहिल्या मताची झडती मुंबईतल्या मनोरीच्या वाड्यांमध्येच घेता येते. माडाच्या वठलेल्या खोडातल्या ढोलीत दयाळाचं घरटं असतं. अंडी मादी एकटीच उबवते, हे कबूल. पण पिल्लं निघाली की काळापांढरा नरही चोचीत किडा, अळी धरून ढोलीशी येतो. जी चोच सर्वांत पुढे वासलेली, तिच्यात घास पडतो. पिल्लाची विष्ठा पांढऱ्या, पातळ पिशवीत बांधल्यासारखी बाहेर पडते. ती उचलून लांब टाकणं हेही त्याच फेरीतलं काम. शिंपी, बुलबुल, चिमणी यांचे नरही भरवतात. शिंजीराची मादी घरटं एकटी बांधते, अंडी एकटी उबवते. तरी भरवायच्या वेळी नर हजर.

मग निम्म्या-निम्म्याचा पक्ष जिंकला? तर तेही नाही. त्याला आडवी येते सुगरण. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरण घराघरांत विणकर आई झाली. कवितेशी भांडण नाही, पण विणतो नर. सलीम अलींनी 1930च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत न्याहाळली आणि 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये निरीक्षणं मांडली. नर घरटं अर्धवट विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादी पसंत करते. तिचं घरटं पुरं झालं की हा गडी शेजारी दुसरं विणायला घेतो, दुसरीसाठी! उबवणं आणि बहुतेक सगळं भरवणं पहिलीच्या गळ्यात. याला समान वाटणी म्हणायला छाती लागते.

माझं म्हणणं एवढंच, की वाटणी जातीच्या पोटापाण्यावर ठरते. अभ्यासक जॉन क्रुक यांनी 1964 साली सुगरणीच्या कुळातल्या विणकर पक्ष्यांच्या अनेक जाती ताडून पाहिल्या. रानात विखुरलेले किडे टिपणाऱ्या जाती बहुधा जोडीनं राहतात. मोकळ्या गवताळ मुलखात दाण्यावर जगणाऱ्या वसाहती करतात आणि त्यांच्या नरांना अनेक माद्या असतात. खाणं मुबलक, घरट्याच्या जागा मोजक्या; तिथे एकटी मादी पिल्लं वाढवू शकते आणि नर मोकळा सुटतो.

जोडीनं भरवणाऱ्यांतही करार कायमचा नसतो. युरोपातल्या ग्रेट टिट या पाखरावर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की आपण भरवून आल्यावर पक्षी सावकाश होतो आणि जोडीदार येऊन गेला की पुन्हा लगबगीला लागतो. म्हणजे पाळी फेरीगणिक ठरते.

तेव्हा सुगरणीचा दाखला देऊन सुनेला कामाला जुंपणाऱ्यांनी पुढच्या पावसाळ्यात मार्व्याहून मनोरीची फेरीबोट धरावी आणि भातखाचराकडेच्या ताडाखाली थोडा वेळ उभं राहावं. पिवळ्या डोक्याचा जो विणताना दिसेल, तो नर.